मधे कोण

बॅटरी रात्री चुलीपाशी निजली होती,
घोंगडीत गुंडाळलेली, घरातल्या माणसासारखी.
सकाळी तिला कडेवर घेऊन अंगणात आलो.
आत-बाशीत मार्च म्हणजे उणे चौदा,
पान्याला बोट चिकटतं.

मॉस्कविच उभी होती. लसणाच्या सालीचा रंग,
डाव्या दारावर ओमुरझाकनं स्वतः मारलेला ब्रश,
केस चिकटलेले तसेच.
त्याला जाऊन दोन हिवाळे झाले.
गिऱ्हाईक नारिनहून निघालं होतं, अकरापर्यंत पोचणार.

किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, कण्हलं, फिरलं,
पेटलं नाही.
पुन्हा. पुन्हा.
"पुरे," सासूबाई म्हणाल्या, "बॅटरीचा जीव घेशील.
आधी विचार, मग हात."

बुरुलचा आपा. एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र,
बोलताना अजून खडू धरल्यासारखी बोटं जुळतात.
आज जुळत नव्हती.
अंगावर नवऱ्याचा कोट, उजवा हात खिशात.

"पेटायला काय लागतं?"
पेट्रोल, हवा, ठिणगी.
"पेट्रोल?"
प्लग काढून हुंगला. ओला. वास डोक्यात गेला.
म्हणजे ठिणगी नाही.
"बघितलीस? न बघता नाही म्हणू नकोस."

प्लग वायरीत खोचून इंजिनाच्या अंगाला टेकवला.
त्या आत बसल्या, डाव्या हातानं आडवं होऊन
किल्ली फिरवली.
काही नाही. काजव्याएवढंही नाही.

मग कॉइलची जाड वायर टोपीतून उपसली,
टोक लोखंडापासून नखभर दूर धरलं
आणि टक्! टक्!
निळी, धट्टीकट्टी, थेट माझ्या कोपरापर्यंत.
मी शिवी हासडली.
"वीस हजार व्होल्ट," त्या म्हणाल्या.
"वर्गात सांगून कुणाच्या लक्षात राहत नाही.
चल. पॉइंट ठीक, कंडेन्सर ठीक, कॉइल ठीक.
इथवर येते. प्लगपर्यंत जात नाही.
मग मधे कोण आहे?"

मधे डिस्ट्रिब्युटर. काळी टोपी, दोन क्लिपा.
उघडली. तडा नाही, ओल नाही,
काजळीची रेघ नाही.
कडेला चार धातूचे दात, मधोमध एक तेलकट दांडा.
सगळं ठीक आहे, म्हणालो.
काय असायला हवं हे ज्याला ठाऊक नाही
त्याला काय नाही ते दिसत नाही.

त्या गप्प. कुंपणावर डोमकावळे.
आयचुरोकचा बिश्केकहून फोन: सुरू झाली का?
नाही गं.
फोन ठेवताना नजर परत दांड्यावर गेली.
टोकाला खाच होती.
खाच उगाच कुणी पाडत नाही,
तिथं कुणीतरी बसत असतं.

मान वर केली. कोटाच्या खिशात
त्यांची मूठ काहीतरी फिरवत होती,
अक्रोडाएवढं, गोल गोल, सावकाश,
जशी ती वस्तू जागेवर असती तर फिरली असती.

पाणी कुठं मुरतंय ते कळलं.
टोपी परत बसवली. एक क्लिप. दुसरी क्लिप.
"काय निदान?"
सापडला नाही दोष, म्हणालो. जुनी गाडी आहे. वेळ लागेल.
त्यांनी माझ्याकडे पेपर तपासताना बघावं तसं बघितलं.
"अर्धे गुण," म्हणाल्या. "उत्तर येत असून लिहिलं नाहीस."

गिऱ्हाईक किझिल-बेलच्या घाटात पोचलं होतं.
त्यानं माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली
आणि गाडी वळवली.

संध्याकाळी बटाटे सोलत होतो तेव्हा
अंगणात कुणीतरी खोकलं.
एकदा, दोनदा, मग धरलं.
चार ठोक्यांत एक जरासा मागे रेंगाळणारा.
दिव्यांचा उजेड भिंतीवरून सरकला नाही,
होता तिथंच थांबला. फाटक बंद होतं.
मी खिडकीपाशी गेलो नाही.

पंधरा मिनिटांनी त्या आत आल्या,
बॅटरी कडेवर.
चुलीपाशी ठेवली, घोंगडी नीट खोचली.
मग चहासाठी उजवा हात पुढे केला.
बोटं काळी होती.